राजकन्येचा अंबाडा

बहरीनच्या पाण्याने केस गळतात. तिथे चार मराठी बायका जमल्या की आधी हे, मग व्हिसा, मग कुणाची गावाकडची जागा कुणी बळकावली ते. नळाला खारट पाणी यायचं, कपड्यांचा रंग उडवणारं. पिण्याचं गोडं पाणी कॅनमधून विकत आणायचं. नव्वदच्या दशकातली ती वर्षं मी सलमाबादला एका वर्कशॉपच्या मागे दोन खोल्यांत काढली. नवरा एसी दुरुस्तीच्या कामावर. बाथरूमची जाळी सारखी तुंबायची आणि ती उचकटून माझेच केस मी मूठ-मूठ कचऱ्यात टाकायचे. वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली होती. नवरा म्हणायचा, असंच चाललं तर एअरपोर्टवर तुला ओळखणार नाहीत. पहिल्यांदा हसले होते. नंतर हसायचाही कंटाळा आला.

त्याच सुमाराला माझं ऑफिस गेलं. एका छोट्या कंत्राटदाराकडे टायपिंग करत होते. त्याने एक दिवस खलास म्हटलं आणि कुलूप लावलं. मी घरात भिंती बघत बसले. अशात नवरा सनाबिसच्या एका फ्लॅटमधला एसी दुरुस्त करून आला आणि दारातच म्हणाला, "आज एका चिनी म्हातारीने मला मराठीत शिव्या घातल्या."

"उन्हाने डोकं फिरलंय तुमचं."

"शपथ. मी बुटांसकट आत गेलो, तर म्हणते, मेल्या, पायताण बाहेर काढ, घर बाटवलंस. आपल्याकडचीच भाषा. आणि तीही जुनी, माझी आजी बोलायची तसली."

म्हातारी चिनी नव्हती, ब्रह्मदेशची होती. आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं होतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याचा राजवाडा आहे, शाळेची सहल तिथे जाते, पोरं डबे खाऊन परत येतात. राजाच्या मागोमाग त्याच्या भावकीतलेही काही जण आले होते, हे मात्र मला तोवर माहीत नव्हतं. म्हातारीचे वडील त्या भावकीतले. राजाचं कुटुंब पुढे परत गेलं, यांना परवानगी मिळाली नाही. समुद्राच्या बाजूला एका भाड्याच्या बंगल्यात ते राहिले. म्हातारी तिथेच जन्मली, तिथेच न्हातीधुती झाली. आया, पाणक्या, स्वयंपाकी सगळे आपल्याकडचे, त्यामुळे खेळण्या-भांडण्याची भाषा मराठी. ब्रह्मी बोलायची ती फक्त वडीलधाऱ्यांशी, जमिनीकडे बघून.

तिचा मुलगा बहरीनला इंजिनियर होता, सून बँकेत. दोघं नातू सिंगापूरला शिकत होते. दिवसभर म्हातारी एकटी. माझ्या नवऱ्याने बायको रत्नागिरीची असल्याचं सांगितलं, तसा मुलाने मला बोलावून घेतलं. हिंदी-इंग्रजीची खिचडी करत म्हणाला, "आईला बोलायला माणूस हवं. तिची ती भाषा आमच्यात कुणालाच येत नाही." भला माणूस. आईच्या खोलीत जाताना मात्र त्याचा चेहरा परीक्षेला चालल्यासारखा व्हायचा.

पहिल्या दिवशी मी खोलीत गेले तेव्हा ती पलंगावर बसली होती. ऐंशीच्या आसपासची, वाळलेल्या आमसुलाएवढी, पण पाठ ताठ. डोक्यावर मात्र हा थोरला अंबाडा, त्या अंगाला न पेलणारा. कोपऱ्यात फळीवर बुद्धाची मूर्ती, समोर पेल्यात पाणी. मी समोरच्या खुर्चीत बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग फरशीकडे.

"खाली बस गो. आमच्यापुढे खुर्चीत कोण बसत नाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या बंगल्यांची मागची अंगणं झाडण्यात माझ्या आजीचा जन्म गेला होता. कामाच्या घरच्या विहिरीला तिने शिवलेलं चालत नसे, कुणी वरून ओंजळीत ओतेल तेवढं पाणी तिचं. ती या म्हातारीच्या बंगल्यावर जायची की दुसऱ्या कुठल्या, हे सांगायला आता कोणी उरलेलं नाही. पण खाली बस हे शब्द मी आजीच्या तोंडून इतके ऐकले होते, की ते मला स्वतःलाच कुणीतरी रोज म्हणत आल्यासारखे वाटायचे.

मी म्हटलं, "आजी, खाली बसायचं आमच्या लोकांनी सोडून दिलंय. माझ्या बापाने धम्म घेतला तेव्हापासून मी फक्त त्या मूर्तीपुढे वाकते. बसेन तर खुर्चीत, नाहीतर ही निघाले."

"आम्ही पण बौद्धच."

"मग प्रश्नच मिटला."

तिने माझी खुर्ची पुन्हा एकदा नजरेने मोजली. मग तिने पलंगावरच्या दोन उशा दाखवल्या आणि त्या आपल्या बुडाखाली सरकवायला लावल्या. आता तिचं डोकं माझ्या डोक्याहून उंच झालं. तेवढ्यावर आमचा तह झाला. दुपारपर्यंत उशा खचायच्या, ती कुरकुरायची, आणि मी त्या झटकून पुन्हा सरकवायचे. बसायचे मात्र खुर्चीतच.

दुपारी जेवणं झाली की ती बोलायची. बाहेर ऊन असं असायचं की खिडकीच्या काचेला हात लावता येत नसे. एसी घरघरायचा. मी सलमाबादहून दोन गाड्या बदलून आलेली, पहाटेपासून उभी. डोळे मिटायला लागायचे. ती म्हणायची, "झोपतेस काय गो, ऐक." मी ऐकायचे. कान उघडे ठेवायला जाग लागत नाही.

बंगला तीन खोल्यांचा, पण त्यात दरबार भरायचा. वडील विटांवर फळी टाकून त्यावर बसत. त्यांच्याहून खाली आई, तिच्याहून खाली आत्या, मग थोरली बहीण, आणि उंबरठ्याशी ही. स्वयंपाक्याने चहा गुडघ्यांवर सरकत आणायचा. तो दापोलीकडचा, वाताने बेजार. सरकता सरकता तोंडातल्या तोंडात काय म्हणायचा ते हिला समजायचं, वडिलांना नाही. हिने ते मला म्हणून दाखवलं. इथे लिहिण्यासारखं नाही.

राजकन्येचे कान टोचायचे म्हणजे त्यांच्यात केवढा सोहळा. मंडालेला म्हणे हत्ती सजवायचे. हिच्या वेळी बाजारातला सोनार आला, पडवीत बसला आणि त्याने तार ओवली. वाजंत्री हवीच म्हणून वडील अडून बसले, तेव्हा आत्याने कुठून तरी एक ताशेवाला धरून आणला. तो मोहरमचा ठेका वाजवून गेला. दरबाराचा म्हणून वडिलांचा एक जरीचा अंगरखा होता. त्याला कसर लागली. कसर लागलेला भाग कापून आईने त्याचं थोरलीचं जाकीट केलं, जाकिटाचं पुढे हिचं पोलकं झालं आणि पोलक्याची शेवटी सुया ठेवायची पिशवी झाली.

"ती पिशवी कुठंय?" मी विचारलं.

"जळली. लढाईत घर जळलं त्यात."

आई रत्नागिरीतच गेली, तापाने, तिशीही गाठली नव्हती. मग रंगूनला परत जायची परवानगी आली. ही तेव्हा पंधरा-सोळाची. बोटीतून उतरताना तिला वाटत होतं की धक्क्यावरचे लोक गुडघ्यांवर बसतील. हमालाने तिला कोपराने बाजूला सारलं. सरकारकडून मिळायचं ते पिढीगणिक कमी होत गेलं, वडील गेल्यावर बंदच झालं. जपान्यांच्या लढाईत रंगूनहून पळताना थोरली बहीण वाटेत गेली. हिने रेल्वेतल्या एका कारकुनाशी लग्न केलं. तो भला होता, पण रात्री झोपताना त्याची उशी हिच्या उशीपेक्षा खाली असे. विधवा झाली तेव्हा हिने चिरूट वळले आणि त्यावर मुलाला शिकवलं. आत्या सगळ्यांच्या मागून गेली, आंधळी होऊन. शेवटपर्यंत तिला वाटायचं घरात दासी आहेत. दासी म्हणजे हीच.

हे सगळं ती रडगाणं न लावता सांगायची. मीच दमून जायचे. कुणाचं तरी राज्य गेलं म्हणून मला कधी वाईट वाटलं नव्हतं, आणि त्या दुपारीही वाटलं नाही. पण पोलक्याची पिशवी झाली ते मला लागायचं. आमच्या घरात लुगड्याचं पोतेरं होईपर्यंतचा सगळा प्रवास मी पाहिलेला होता.

तिचं सगळं मी करायचे. अंग पुसणं, नखं, औषधं, जेवण भरवणं. फक्त डोक्याला हात लावायचा नाही. एकदा मानेशी पोलकं सरळ करताना माझी बोटं अंबाड्याला लागली, तर अंगावर पाल पडल्यासारखी ती मागे सरली.

"शिवू नको."

हा शब्द माझ्यापुढे कुणी उच्चारू नये. मी हातातला टॉवेल खाली टाकला. "आजी, तुमची घाण काढते तेव्हा शिवलेलं चालतं. केसाला लागलं की विटाळ होतो काय? ही रत्नागिरी नव्हे. बोलायचं ते विचार करून बोला."

तिला माझा राग कळलाच नाही. खरंच कळला नाही, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. ती म्हणाली, "तुला एकटीला नाय गो. कोणालाच नाय. डोक्याला फक्त आमच्या घरातलं माणूस शिवतं. आईने धुतलं, मग आत्याने, मग बहिणीने. त्या गेल्यावर माझं मी." आणि तिने उजवा हात वर करून दाखवायचा प्रयत्न केला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. खांदा कधीचा धरला होता.

म्हणजे कधीपासून तो अंबाडा सुटला नव्हता, देव जाणे. वरून ती डाव्या हाताने तेल चोपडायची, पिना खुपसायची. उन्हाळा वाढला तसा वास यायला लागला. पुढे मानेवर पुरळ आलं, मग चिघळलं. सुनेने नाकाला रुमाल लावून दोनदा समजावलं, मुलाने चारदा. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी त्यांनी डॉक्टरला घरी आणलं. त्याने लांबूनच बघितलं आणि सगळे केस काढून मलम लावायला सांगितलं, नाहीतर जखम आत जाईल म्हणाला. मुलाने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "शुक्रवारी पार्लरवाली येईल. मी घरी असेन. आईला धरावं लागलं तर धरू." बोलताना तो सिंककडे बघत होता.

म्हातारीने ते ऐकलं होतं. मला म्हणाली, "केस कापले तर मी जेवणार नाय."

"कापायच्या आधीच ताट परत केलंत ते?"

"सवय करते."

आणि खरंच ती जेवेना. दुसऱ्या दिवशी पेज नको, तिसऱ्या दिवशी चहा नको. मुलगा मांडीवर बशी घेऊन बसला, तिने ओठ घट्ट मिटले. तोही रडकुंडीला आला. मी हात टेकले. त्या वयात असलं चार दिवस चाललं तर माणूस उठत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिला तेच हवं होतं की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

गुरुवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी गावाहून आणलेली शिकेकाई घेऊन आले होते. सकाळी आल्या आल्या ती रिठ्याबरोबर उकळायला ठेवली. सगळ्या घरात वास सुटला. तिच्या खोलीत गेले तर ती डोळे मिटून नाक वर करून बसली होती.

"आई हेच लावायची," ती म्हणाली.

"मग ऐका. उद्या ती बाई कात्री घेऊन येणार. तुमचा मुलगा तुम्हाला धरणार, आणि तो जन्मभर ते विसरणार नाही. त्यापेक्षा आज मी धुते, गुंता सोडवते, जखमेपुरते कापू म्हणून मी त्याला सांगते. माझं ऐकतो तो."

"तू आमच्या घरातली नायस."

"नाही. पण तुमच्या घरातलं आहे कोण आता? नाव सांगा, बोलावून आणते."

बोलले आणि मलाच कसंसं झालं. तिचे ओठ हलत होते. बहुधा एकेकीचं नाव घेऊन बघत होती. बाहेर कुठेतरी मशिदीत बांग सुरू झाली, संपली. मग तिने एकेक करून दोन्ही उशा आपल्या खालून ओढून काढल्या. डाव्या हाताने, धापा टाकत. मला मदत करू दिली नाही. उशा गेल्यावर ती माझ्याहून बरीच खाली आली.

"ये," म्हणाली.

बाथरूममध्ये तिला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. नळाचं पाणी त्या जखमेवर घालवेना, म्हणून पिण्याचं गोडं पाणी कोमट केलं. सून रागावली तर रागावू दे म्हटलं. पिना काढल्या. गंजून केसात बसल्या होत्या. शिकेकाईचं पाणी मुरवत बोटांनी एकेक गाठ सुटी करत गेले. वास असा की मला दोनदा बाहेर जाऊन यावं लागलं. ती हूं की चूं करत नव्हती. आणि मग अंबाडा हळूच सैल झाला आणि सगळाच्या सगळा माझ्या हातात आला.

 मला वाटलं कातडीसकट आलं. खाली पाहिलं तर तिच्या डोक्यावर पांढऱ्या केसांची एक बारीकशी शेंडी होती, शेंगदाण्याएवढी गाठ मारलेली. बस, तेवढेच तिचे. माझ्या हातात होतं ते गंगावन.

"पडू देऊ नको," ती म्हणाली. मागे न वळता. "खाली जाळीत जाईल."

मी ते दोन्ही हातांनी धरलं. दोऱ्याने वरच्या टोकाला बांधलेल्या लटा होत्या, एकीला एक जोडलेल्या. एक लांब, काळीभोर. एक करडी, राठ. एक तपकिरी, तोकडी.

"काळी आईची," ती म्हणाली. "करडी आत्याची. आखूड ती बहिणीची. फणीतून निघालेले सगळे. कापलेले चालत नाय. आपण होऊन गळले तेच घ्यायचे. घर जळलं तेव्हा हे माझ्या डोक्यावर होतं म्हणून राहिलं. बाकी सगळं गेलं."

तिचा मुलगा, तिची सून, डॉक्टर, मी, सगळ्यांना वाटत होतं म्हातारी आपल्या केसांसाठी अडून बसलीय. तिच्या केसांचं तिला काहीच नव्हतं. मी तिच्या मागे उभी होते म्हणून बरं. मला रडू आलं आणि माझा मलाच राग आला. इतक्या वर्षांत मी माझ्या आईची एक वस्तू जपली नव्हती. जपण्यासारखं काही नव्हतंच तिच्याकडे, पण केस होते.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? सून म्हणाली असती, मेलेल्यांचे केस घरात नको."

ते खरं होतं. सून तसंच म्हणाली असती. म्हणून गंगावनाचं कुणाला सांगायचं नाही आणि उरलेले केस कापू द्यायचे, असं आम्ही दोघींनी ठरवलं. गंगावन मी टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं. तिच्या डोक्याला दुपट्टा बांधला. आणि संध्याकाळी मुलगा आला तेव्हा म्हातारीने आपणहून पेज मागितली. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चमत्कार केला होता.

घरी आल्यावर ते पुन्हा एकदा धुतलं आणि एसीसमोर दोरीवर वाळत घातलं. नवरा जेवून उठला आणि दोरीकडे बघून दचकला.

"हे काय टांगलंयस?"

"राजघराणं आहे. हात लावू नका."

त्याने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि झोपायला गेला. एवढ्या वर्षांत तो एवढं शिकला होता.

शुक्रवारी पार्लरवाली आली, तिने ती पांढरी शेंडी कापली आणि मलम लावायला डोकं मोकळं केलं. सगळं काही मिनिटांचं काम. मुलगा दाराशी उभा होता. एवढेसे केस बघून तो गोंधळला, पण विचारायचं धाडस झालं नाही. म्हातारी ताठ बसून होती. उशा परत तिच्या बुडाखाली आल्या होत्या.

जखम भरत आली. त्या महिन्यातच ठरलं की मुलगा सुट्टीवर जाताना तिला रंगूनला न्यायचा. तिथे त्याच्या वडिलांकडचं कोणीतरी होतं, घर होतं, आणि तिलाही जायचं होतं. मरायला, असं ती सरळ म्हणायची. गंगावन मी परत आणून दिलं होतं. ते ती उशीच्या अभ्र्यात ठेवायची आणि दुपारी मांडीवर घेऊन बसायची. टकलावर बांधायला आता काहीच नव्हतं.

जायच्या आधी थोडे दिवस राहिले होते. एका दुपारी ती म्हणाली, "धुण्यात पातळ झालं गो."

"कुजलेलं तेवढं गेलं. गुंता फार होता."

"भर घालायला पाहिजे. मी मेले की हे डोक्याखाली ठेवतील. एवढुसं दिसेल." मग माझ्या वेणीकडे बघत म्हणाली, "तुझे गळतात ना? ते काय करतेस?"

"कचऱ्यात टाकते. नाहीतर काय, तोरण बांधू?"

"मला दे."

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हटलं, सुनेचे घ्या. ती म्हणाली, सून कापते, कापलेले चालत नाहीत. मग म्हटलं, मी तुमच्या घरातली नाही. ती बोटांनी केस चाचपत राहिली. चाचपता चाचपता म्हणाली, "एक लट पुरे. खाली लाव. बहिणीच्या खाली, शेवटाला."

झालं. इतका वेळ माझं मन भरून आलं होतं ते एका क्षणात आटलं. ही मरायला टेकली, टक्कल पडलं, माझ्याकडे कचऱ्यातले केस मागते आणि तरी मला उंबरठ्याशी बसवते. थकलेली होतेच, त्यात हे. मी उठून उभी राहिले.

"मग नाही मिळणार," मी म्हटलं. "शेवटाला माझी आजी बसली, तिची आई बसली. पुष्कळ झालं. माझे केस लावायचे तर तुमच्या आईच्या शेजारी लावायचे. नाहीतर राहू दे तुमचं पातळ."

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता उशा मागेल, मुलाला हाक मारेल, मला जा म्हणेल. एसी घरघरत होता. तिचा धरलेला हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या हाताची बोटं त्या काळ्या लटेवरून वरून खाली, वरून खाली फिरत होती.  मी पिशवी उचलून निघणारच होते.

"बरं," ती म्हणाली. डोळे उघडले नाहीत. "आईच्या शेजारी."

मग मी आठवडाभर फणीतले केस टाकले नाहीत. धुतले, विंचरले, सरळ केले आणि तिच्यासमोर, माझ्या खुर्चीत बसून, दोऱ्याने बांधले. तिच्या आईचे काळे, त्यांना लागून माझे. गंगावन तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, खिडकीकडे धरलं, बोटांनी लट लट वेगळी करून बघितली. करडी आत्या सापडली. तोकडी बहीण सापडली. मग ती काळ्यात शोधायला लागली.

"यातली आई कुठली गो?" तिने विचारलं.

मीही वाकून पाहिलं. मीच बांधले होते, आणि मला सांगता येईना.